चिनी कांस्यपात्रांवरची नक्षी: साचा समजला की चेहरा समजतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: संग्रहालयात शांग आणि झोऊ या प्राचीन राजवटींच्या काळातली चिनी कांस्यपात्रं पाहिली, बहुतेकांवर दोन बटबटीत डोळ्यांचा तोच चेहरा दिसला. ही नक्षी कोरली कशी, तिचा अर्थ काय, तिच्यावरून काळ ओळखता येतो का, आणि विकायला ठेवलेलं असं भांडं खरं की नक्कल हे कशावरून ठरवायचं?

सुरुवात एका दुरुस्तीने करतो. शांग काळातली ही नक्षी धातूवर कोरलेली नाही. ती ओल्या मातीत कोरली गेली आणि वितळलेल्या कांशाने ती जशीच्या तशी उचलली. भांडं तयार झाल्यावर त्यावर छिन्नी चालवून नक्षी काढण्याची रीत तेव्हा जवळजवळ नव्हतीच. म्हणून अर्थाच्या मागे लागण्याआधी साचा समजून घ्या. चेहरा बरोबर मधोमध का येतो, नक्षी आडव्या पट्ट्यांत का विभागलेली असते, एकच आकृती भांड्याभोवती तीनदा किंवा चारदा का येते, या प्रश्नांची उत्तरं साच्याच्या सांध्यांत आहेत.

आपल्याकडे भांडं म्हटलं की तांबटाची ठोक आठवते आणि धातूची मूर्ती म्हटलं की मेणाचा साचा. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त मेण वापरून मूर्ती ओतण्याची कृती दिलेलीच आहे. चीनच्या कारागिरांनी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात यापेक्षा वेगळी वाट धरली: पत्रा ठोकायचा नाही, मेणही नाही, तर तुकड्यातुकड्यांच्या मातीच्या साच्यात थेट भांडं ओतायचं. हनान प्रांतातल्या एर्लितौ इथे सापडलेले छोटे तीनपायी मद्यपेले हे या पद्धतीचे सर्वांत जुने नमुने. पुढे झेंगझौ शहरातल्या एर्लिगांग या स्थळावरून ओळखल्या जाणाऱ्या काळात, साधारण इ. स. पू. १५०० ते १३००, हे काम मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं, आणि आन्यांग ही शांगांची शेवटची राजधानी असताना, म्हणजे इ. स. पू. १२५० ते १०४६ च्या सुमारास, ते कळसाला पोचलं.

कृती अशी. आधी भांड्याचा मातीचा भरीव नमुना पूर्ण आकारात करायचा आणि वाळवायचा. मोठे उठाव, म्हणजे डोळे, शिंगं, नाकाचा कणा, याच नमुन्यावर घडवायचे. मग नमुन्याभोवती ओल्या मातीचे जाड थर दाबून बसवायचे. नमुन्याला लागणारा थर बारीक चाळलेल्या मातीचा, मागचा भरड मातीचा. माती अर्धवट सुकली, हाताला चामड्यासारखी लागायला लागली, की ती उभ्या चिरा देऊन तुकड्यांत कापून काढायची. गोल तीनपायी पात्राला साधारणपणे तीन तुकडे, चौकोनी पात्राला चार किंवा जास्त. तुकड्यांच्या कडांना खाचा आणि खुंट्या करायच्या, म्हणजे पुन्हा जोडताना ते नेमके एकमेकांत बसतात. आता आतल्या बाजूने हे तुकडे मोकळे झाले: त्यावर टोकदार हत्याराने बारीक रेघा कोरता येतात, आधीचा उठाव धारदार करता येतो.

पुढची पायरी गाभ्याची. नमुन्याचाच पृष्ठभाग भांड्याच्या भिंतीइतका, म्हणजे काही मिलिमीटर, सगळीकडून सारखा तासून गाभा करता येतो; किंवा तो वेगळा घडवतात. साच्याचे तुकडे आणि गाभा भाजून घेतात, पण कुंभाराच्या पक्क्या भट्टीच्या मानाने मंद आचेवर. मग सगळं उलटं जोडायचं, पाय वर आणि तोंड खाली, बाहेरून मातीने लिंपून आवळायचं, तापवून घ्यायचं आणि रस ओतायचा. ओतण्याची वाट बहुधा पायांतून किंवा बुडाच्या कड्यातून. उलटं ओतण्यामागे व्यवहार आहे: मळी आणि हवेचे बुडबुडे वर चढतात, म्हणजे पायांकडे जातात, आणि नक्षीचा भाग खाली घट्ट भरतो. थंड झाल्यावर साचा फोडायचा, गाभा खरवडून काढायचा, वाळूच्या दगडाने शिवणी घासायच्या.

हे सगळं जमलं त्यात तिथल्या मातीचा वाटा मोठा आहे. उत्तर चीनमधली लोएस नावाची वाऱ्याने वाहून आलेली पिवळी माती रेताड-बारीक असते, चिकण कमी. त्यामुळे ती वाळताना फारशी आकसत नाही, तडकत नाही आणि भाजल्यावर तिच्या रंध्रांतून वायू निघून जातो. चिकण मातीत केसाएवढी रेघ कोरली तर सुकताना ती वाकडी होईल. लोएसमध्ये ती जागची हलत नाही. एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या रेघांची जाळी शेकडो भांड्यांवर इतकी स्वच्छ उतरली ती यामुळे.

गाभा आणि साचा यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहणं हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. गाभा किंचित सरकला की भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ, आणि जिथे फटच उरली नाही तिथे भोक. यावर त्यांनी दोन उपाय केले. जुना उपाय म्हणजे गाभ्यालाच मातीचे उंचवटे ठेवायचे, जे साच्याला टेकतील. उंचवट्याच्या जागी धातू पोचत नाही, म्हणून तिथे भोक राहतं. गू नावाच्या उंच पेल्याच्या आणि झुन या मद्यपात्राच्या बुडाच्या कड्यात अधिकाच्या चिन्हासारखी भोकं दिसतात ती हीच. पुष्कळ जण त्यांना धार्मिक चिन्ह समजतात. ती ओतकामाची खूण आहे. एर्लिगांग काळात ती मोठी असतात, आन्यांगमध्ये लहान होत जातात आणि शेवटी नाहीशी होतात, कारण तोवर दुसरा उपाय रुळला होता: भिंतीच्याच जाडीचे कांशाचे छोटे तुकडे, बरेचदा फुटक्या भांड्यांचे, फटीत अडकवायचे. ओतलेला रस त्यांना वेढून घट्ट होतो. डोळ्यांना ते सहसा दिसत नाहीत, पण क्ष-किरण चित्रात वेडेवाकडे चौकोन म्हणून लगेच ओळखू येतात. कारागीर ते शक्यतो नक्षी नसलेल्या पट्ट्यात किंवा बुडात ठेवत. लेख असला तर त्याच्या आजूबाजूला.

बाकीचे बिघाड असे. साचा थंड असेल तर रस पोचण्याआधी गोठतो आणि काठ किंवा कानाचं टोक अर्धवट राहतं. साच्यात ओल राहिली तर वाफ होते, भिंतीत बुडबुड्यांच्या पोकळ्या पडतात. खाचा-खुंट्या नीट बसल्या नाहीत तर शिवणीच्या दोन बाजूंची नक्षी वरखाली होते; डावा डोळा उजव्यापेक्षा केसभर खाली आलेला चेहरा संग्रहालयात शोधलात तर नक्की सापडेल. भोक पडलेलं भांडं मोडीत काढत नसत. भोकावर मातीचा छोटा साचा बांधून त्यात पुन्हा रस ओतत आणि ठिगळ आतून फुगीर राहू देत. बाहेरून घासलेलं ठिगळ चटकन दिसत नाही, आतून हात फिरवला तर लागतं.

कान, हलते कडे, बाहेर आलेली प्राण्यांची डोकी एका ओतीत होत नाहीत. मग दोन मार्ग: डोकी आधी ओतून ती मुख्य साच्यात बसवायची आणि अंगाचा रस त्यांना धरून ठेवेल असं करायचं, किंवा अंग आधी ओतून त्यावर कान मागाहून ओतायचे. हुनानमधल्या निंगश्यांग इथे १९३८ मध्ये मिळालेलं चार मेंढ्यांचं चौकोनी झुन पाहा. उंची ५८.३ सेंटिमीटर, वजन सुमारे ३४.५ किलो. चारही कोपऱ्यांतून मेंढ्यांची वळलेली शिंगं बाहेर येतात. ती एका ओतीत काढणं अशक्य होतं, म्हणून हे वेगवेगळ्या वेळी ओतलेल्या भागांचं काम आहे. आन्यांगला १९३९ मध्ये सापडलेलं होउमुवू दिंग (दिंग म्हणजे मांस शिजवायचं पायांचं पात्र) या नावाचं चौकोनी पात्र तर ८३२.८४ किलोचं, १३३ सेंटिमीटर उंच. त्याचे कान अंगानंतर जोडून ओतलेले आहेत. इतका रस एका मुशीत मावत नाही. अनेक मुशी किंवा भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवून तो खंड न पडता ओतावा लागतो, नाहीतर आधीचा थर गोठून पुढच्याशी एकजीव होत नाही.

धातूचं प्रमाण. होउमुवू दिंगच्या पृथक्करणात सुमारे ८५ टक्के तांबं, ११.६ टक्के कथील आणि २.८ टक्के शिसं आलं. झोऊ राजवटीच्या उत्तरार्धातल्या ‘खाओगोंग जी’ या कारागिरीवरच्या ग्रंथात घंटा आणि दिंगसाठी धातूच्या सहा भागांत कथील एक असं सांगितलं आहे. याचे दोन अर्थ लागतात: एकूण सहात एक धरलं तर सुमारे १७ टक्के, सहा भाग तांब्याला एक धरलं तर सुमारे १४ टक्के. प्रत्यक्ष भांडी या आकड्यांच्या खालीवर बरीच फिरतात, त्यामुळे त्या ओळीला पक्की कृती समजू नका. तत्त्व मात्र बरोबर आहे. कथील घातल्याने वितळणबिंदू खाली येतो: निव्वळ तांब्याला १,०८५ अंश सेल्सिअस लागतात, १५ टक्के कथील असलेला रस साधारण ९६० अंशांपर्यंत पूर्ण पातळ राहतो. कथील २० टक्क्यांच्या वर गेलं की धातू ठिसूळ होतो, आपटला तर फुटतो. शिशाने रस आणखी वाहता होतो आणि बारीक रेघांत शिरतो. ते तांब्यात विरघळत नाही, गोळ्यांच्या रूपात वेगळं राहतं, त्यामुळे जास्त झालं तर भिंत कमकुवत होते. त्याच ग्रंथात ओतण्याची वेळ ज्वालेच्या रंगावरून सांगितली आहे: आधी काळपट, मग पिवळट-पांढरा, मग निळसर-पांढरा, आणि नुसता निळसर उरला की ओता.

आता नक्षी. एक साधा नियम लक्षात ठेवला की पुढचं सगळं सुटतं: साच्यात जे खोल, ते भांड्यावर उंच. साच्याच्या आतल्या बाजूला टोकाने रेघ ओढली तर भांड्यावर दोऱ्यासारखी उंच रेघ येते. सर्वांत जुनी नक्षी अशीच आहे, मानेभोवती एकच अरुंद पट्टा आणि त्यात बारीक उठावाच्या रेघा. पुढे रेघा रुंद झाल्या, सपाट फितीसारख्या, जणू नक्षी पट्ट्यातून कापून काढली आहे. तिसऱ्या टप्प्यात नक्षी दाट होत होत पूर्ण अंगभर पसरली, पण अजून सगळं एकाच पातळीवर. त्या गर्दीत डोळेच तेवढे हाताला लागतात. चौथ्या टप्प्यात मुख्य आकृती आणि पार्श्वभूमी वेगळ्या झाल्या: आकृतीच्या फिती रुंद आणि मोकळ्या, मागे चौकोनी वळ्यांची बारीक जाळी, जिला चिनीत लेइवेन म्हणजे मेघगर्जनेची नक्षी म्हणतात. पाचव्यात आकृती त्या जाळीतून वर उचलली गेली, शिंगं आणि भुवया खऱ्याखुऱ्या उठावात आल्या.

हा पाच टप्प्यांचा क्रम कलेतिहासकार मॅक्स लोअर यांनी १९५३ मध्ये मांडला, तोही मुख्यतः संग्रहालयांतल्या अशा भांड्यांवरून ज्यांची खोदकामातली जागा ठाऊक नव्हती. त्यानंतर झेंगझौ आणि इतर ठिकाणच्या उत्खननांनी क्रम मोठ्या प्रमाणात खरा ठरवला. नुसत्या रेघा पाहून इतका अचूक कालक्रम लावणं ही या विषयातली मला सर्वांत थोर वाटणारी कामगिरी. एक पथ्य मात्र पाळा: नवा टप्पा आला म्हणून जुना बंद पडला असं नाही. आन्यांगला १९७६ मध्ये झेंग झेनश्यांग यांच्या नेतृत्वाखाली उघडलेली राणी फू हाओची न लुटलेली कबर इ. स. पू. १२०० च्या सुमारासची. तिच्यात ४६८ कांस्यवस्तू होत्या, आणि त्यांत पाचव्या टप्प्याची पूर्ण विकसित उठावाची नक्षी आहे; म्हणजे आन्यांग काळाच्या सुरुवातीलाच सगळी शैली हातात आली होती. साधी नक्षी दिसली की भांडं जुनंच, असा निष्कर्ष म्हणून काढू नये. याचं टोकाचं उदाहरण: सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममधलं गेंड्याच्या आकाराचं शांगकालीन पात्र. त्याच्या अंगावर नक्षीच नाही, फक्त कातडीच्या घड्या आणि जड पाय, आणि तरी ते शांग काळाच्या अखेरीचं आहे.

तो चेहरा, ज्याला ताओत्ये म्हणतात, असा जुळवा. मध्ये नाकाचा उभा कणा. त्याच्या दोन बाजूंना डोळे, वर शिंगं, कधी मेंढ्याची वळलेली, कधी बैलाची, कधी इंग्रजी सी अक्षरासारखी. डोळ्यांच्या बाहेर कान, खाली वरचा जबडा आणि आत वळलेले सुळे. खालचा जबडा नसतो. दोन बाजूंना शरीर निघतं, त्याला पंजा आणि वर वळलेली शेपटी. आता मधल्या कण्यावर हात ठेवून अर्धा भाग झाका: उरलेला अर्धा म्हणजे बाजूने दिसणारा एकपायी ड्रॅगन, ज्याला खुई म्हणतात. दोन खुई नाकाला नाक लावून उभे आहेत असंही ते चित्र आहे आणि समोरून पाहणारा एकच प्राणी आहे असंही. दोन्ही वाचनं एकाच वेळी खरी राहतात, आणि ती तशी राहावीत म्हणूनच कारागिराने रेघा बेतल्या आहेत. साच्याचा तुकडा, त्याचा मध्य आणि त्याच्या दोन कडा यांनी ही आरशासारखी समतोल रचना आपसूक पुरवली.

अर्थाबद्दल ठाम बोलणाऱ्यांपासून जरा सावध राहा. ताओत्ये हे नाव शांगांनी दिलेलं नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात झोऊंच्या दिंगवरच्या ताओत्येचा उल्लेख येतो, डोकं आहे पण धड नाही, माणूस खातो पण गिळण्याआधीच स्वतःचा घात होतो, असा. आणि तो अतिलोभाविरुद्धचा इशारा म्हणून. पुढे अकराव्या-बाराव्या शतकात सोंग काळातल्या पुरावस्तूंच्या अभ्यासकांनी हे नाव या नक्षीला चिकटवलं. म्हणजे भांडी ओतली गेल्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. शांगांच्या स्वतःच्या लिखाणात, ज्यात हजारो भविष्यसूचक हाडांवरचे लेख आहेत, या चेहऱ्याचं स्पष्टीकरण नाही. त्यामुळे आज चिनी पुरातत्त्वज्ञ बरेचदा नुसतं प्राणिमुख नक्षी म्हणतात. काही अभ्यासक तिच्यात पूर्वजांशी बोलणाऱ्या भगताचे साथीदार प्राणी पाहतात. लोअर आणि त्यांच्या वाटेने गेलेले रॉबर्ट बॅग्ली म्हणतात की नक्षी आकारातून आकार फुटत वाढली; सुरुवातीच्या पट्ट्यात डोळ्यांखेरीज ओळखण्यासारखं काही नसताना ‘हा अमुक प्राणी’ म्हणणं उलटं आहे. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण ती भांड्यांवर दाखवता येते. पण ही भांडी पूर्वजांना अन्न आणि मद्य अर्पण करण्यासाठी होती, आणि डोळे नेहमी डोळेच राहिले, हेही नजरेआड करता येत नाही.

एक वस्तू जवळून पाहू: आन्यांग काळातला गू. कर्ण्यासारखं उघडलेलं तोंड, बारीक कंबर, खाली पसरलेलं बूड, उंची बहुधा २५ ते ३० सेंटिमीटर. तोंडाच्या बाहेरच्या बाजूने वर चढणारी चार टोकदार पाती. गळा वर रुंद होत जातो म्हणून नक्षीही लांब त्रिकोणात बसवली. पात्यांच्या मुळाशी सापांचा अरुंद पट्टा. कमरेवर दोन ताओत्ये, बुडावर आणखी दोन. चार उभ्या उंच कड्या, म्हणजे बाहेर आलेले कंगोरे, भांड्याचे चार भाग करतात. या कड्या शिवणी लपवण्यासाठी, असं सोपं उत्तर पुस्तकांत सापडतं. ते अर्धंच खरं आहे. चारांपैकी दोन कड्या चेहऱ्यांच्या मधल्या सीमेवर येतात, पण दोन बरोबर नाकावर, आणि नाकावर सांधा असायलाच हवा असं नाही. सांध्याची रेघ नक्षीचा भाग झाली, मग तिची जोडीदार म्हणून नाकालाही कडी मिळाली, असं म्हणणं जास्त सयुक्तिक. कमरेच्या वर आणि खाली नक्षीविना एक गुळगुळीत पट्टा, त्यात ती अधिकाच्या चिन्हाची भोकं किंवा त्यांचे बुजलेले ठसे. रेघांच्या खाचांत काळा लेप भरलेला दिसला तर तो मळ समजू नका. काही भांड्यांत उजळ धातूवर नक्षी उठून दिसावी म्हणून तो मुद्दाम भरलेला आहे. ही भांडी नवी असताना सोनेरी पिवळी होती. हिरवा-निळा रंग जमिनीत पुरल्यावर चढला.

बाकीच्या आकारांची ओळख पुरे. दिंग तीन किंवा चार पायांचं, मांस शिजवायचं. काहींच्या बुडाला अजून काजळी आहे. ली म्हणजे पोकळ फुगीर पायांचं. ग्वेई धान्यासाठी, गोल, दोन कानांचं. ज्वे तीन पात्यांच्या पायांचं, लांब चोच आणि दोन खांब असलेलं मद्यपात्र. यू झाकणाचं, वर हलतं कडं. हू उंच सुरई. पान आणि यी ही हात धुण्याची जोडी. दिंगचा काळ ओळखायची एक चांगली खूण पायांत आहे: एर्लिगांगच्या दिंगमध्ये एक कान एका पायाच्या बरोबर वर आणि दुसरा दोन पायांच्या मधल्या जागेवर येतो, शिवाय पाय पोकळ असून आतून भांड्यात उघडतात. नंतर कान पायांच्या संदर्भात समतोल बसले.

इ. स. पू. १०४६ मध्ये झोऊंनी शांगांना हरवलं, पण ओतशाळा तशाच चालू राहिल्या. पहिल्या काही पिढ्यांत कड्या आणखी मोठ्या आणि आकडेदार झाल्या. मग ताओत्येची जागा लांब पिसाऱ्याच्या पक्ष्यांनी घेतली. इ. स. पू. नवव्या शतकाच्या आसपास खरा पालट दिसतो: मद्याची भांडी जवळपास नाहीशी होतात, दिंग आणि ग्वेईचे एकसारखे संच येतात, चेहऱ्यांऐवजी लाटांची नक्षी, खवल्यांच्या रांगा आणि आडव्या पन्हळी. याचं कारण म्हणून झोऊंची मद्यविरोधी राजाज्ञा सांगतात. ती पुरी पडत नाही, कारण विजयानंतर शंभराहून अधिक वर्षं मद्यपात्रं जोरात बनत होती. विधींची पद्धतच बदलली, आणि दुरूनही दर्जा कळावा असे संच लागू लागले, हे कारण जास्त जुळतं: परंपरेने सांगितलेला नियम राजाला नऊ दिंग-आठ ग्वेई, त्याखाली सात-सहा, पाच-चार, तीन-दोन असा उतरतो. नक्षीइतकाच लेख महत्त्वाचा झाला. शांगांच्या भांड्यात कुळाचं चिन्ह आणि ‘पिता अमुक’ एवढंच असे. तायपेमधल्या माओ गोंग दिंगमध्ये जवळजवळ ५०० अक्षरं आहेत, आणि असे लेख बहुधा ‘मुलानातवांनी हे कायम जपून वापरावं’ अशा अर्थाच्या ओळीने संपतात. हे लेखही ओतलेले आहेत: गाभ्यावर उलटी उंच अक्षरं, म्हणून भांड्यावर सुलटी खोल.

पुढे शान्शीतल्या होउमा इथल्या ओतशाळेने, इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांत, कामाची रीत बदलली. गुंफलेल्या ड्रॅगनांचा एकच कोरलेला ठसा करायचा, त्यावरून मातीच्या पातळ चकत्या हव्या तितक्या काढायच्या आणि साच्यात शेजारीशेजारी लावायच्या. अशा भांड्यांवर नक्षी जिथे भांड्याचा घेर संपतो तिथे अर्ध्यात तुटलेली दिसते. ठसा ठरावीक मापाचा, घेर वेगळा. याच शतकांत मेणाचा साचाही चीनमध्ये वापरात आला. हनानच्या श्याशी इथल्या कबरीतलं जाळीदार कांस्यपीठ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. १९७८ मध्ये उघडलेल्या झेंग राज्याच्या यी या सरदाराच्या कबरीतला जाळीदार झुन-पान संच मेणाने की तुकड्यांनी केला, यावर मात्र अभ्यासकांत अजून वाद आहे. तांबं, सोनं, चांदी आणि फिरोजा जडवण्याचं कामही याच काळात वाढलं.

आता खरं-खोटं. शिवणी शोधा: पायांच्या बाजूने, कानाच्या आत, बुडाच्या कड्याखाली, जिथे घासणाऱ्याचा हात नीट पोचत नाही. नक्षीची घरं आणि शिवणी जुळत नसतील, किंवा नक्षी भांड्याभोवती कुठेच न तुटता वाहत असेल, तर ते मेणाच्या साच्यातलं अलीकडचं काम असण्याचा संभव मोठा. क्ष-किरण चित्रात अंतर राखणारे तुकडे सहसा दिसले पाहिजेत. पृथक्करणात जस्त ठळक निघालं तर विषय संपला, तो पितळेचा माल आहे. खोल अक्षरांच्या तळाशी हत्याराचे ओरखडे असतील तर लेख नंतर कोरलाय; भांडं जुनं असलं तरी लेख बनावट असू शकतो, आणि जुन्या व्यापाऱ्यांनी किंमत वाढवायला हे भरपूर केलं. हिरवा थर अॅसिटोनने पुसून येत असेल तर तो रंग आणि डिंक आहे. खरा थर धातूत शिरलेला असतो: तळाशी लालसर क्युप्राइट, वर हिरवा मॅलाकाइट, कुठेकुठे निळा अझुराइट. पाय आणि कानांत अडकलेल्या गाभ्याच्या मातीवर तापदीप्ती चाचणी करून ती शेवटची केव्हा भाजली हे काढता येतं, पण क्ष-किरणांचा मारा आधी झाला असेल तर तो निकाल बिघडतो. म्हणून मातीचा नमुना आधी घ्या, चित्र नंतर काढा.

आणि भांडं जुनं असेल, निदान जुनं असण्याची शक्यता असेल, तर चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. आम्लाने थर जातो, सोबत नक्षीची धार आणि वस्तूचा पुरावाही. फिकट हिरवी, भुरभुरीत, बोटाला लागणारी पूड दिसली तर ते क्लोराइडचं दुखणं आहे: आत दडलेला तांब्याचा क्लोराइड दमट हवेत ओलावा आणि प्राणवायू घेऊन फुगतो, आम्ल तयार होतं आणि ते पुढचा धातू खातं. सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की ते जोर धरतं, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवा त्याच्या कितीतरी वर असते. वस्तू ताबडतोब हवाबंद डब्यात कोरड्या सिलिका जेलसोबत ठेवा, आत आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० च्या खाली राखा, आणि जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुकवून परत घाला. पूड यांत्रिकपणे काढणं आणि बेन्झोट्रायाझोल या गंजरोधकाच्या द्रावणात बुडवणं हे काम संवर्धकाचं आहे; ते रसायन अंगाला बाधतं आणि द्रावण आतपर्यंत पोचवायला निर्वात पात्र लागतं. उपचारानंतर वस्तू एक-दोन दिवस मुद्दाम दमट पेटीत ठेवून पाहतात. नवे हिरवे ठिपके उमटले तर उपचार पुन्हा करावा लागतो.